मामांच्या खारी आणि मामेभावाचा राग

प्रश्न : माझे मोठे मामा दहा महिन्यांपूर्वी गेले. वय ७८. वर्ष पूर्ण होताना आम्ही सगळे जमणार आहोत. मामी म्हणाल्या, "रडारड नको, त्यांना आवडलं असतं असं काहीतरी करा," आणि सगळी जबाबदारी माझ्यावर टाकली. मामांना आवडायच्या खारी. रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर दाणे ठेवायचे, खुर्ची टाकून बसायचे आणि वहीत नोंद करायचे. पाठीवर पट्टे असलेल्या त्या खारी एकसारख्याच दिसतात, पण मामा त्यांना वेगवेगळं ओळखायचे. एक नोंद अशी : 'सकाळी ७.१०. फाटका कान आला. दाणा घेतला नाही. नाराज?' अशा वह्यांचा गठ्ठा आहे. पहिली वही माझा मामेभाऊ सहावीत असतानाची.

कार्यक्रम खारींभोवतीच करावा असं मला वाटतं. मगांवर खारीचं चित्र छापून सगळ्यांना द्यायचं ठरवतेय (नमुना सोबत जोडला आहे). धाकट्या भावंडांनी मुखवटे आणि शेपट्या सुचवल्या आहेत. एक काका म्हणतात, खारींची जोडी विकत आणून मामांच्या नावानं सोडू या. कार्यक्रम खारींच्या जागतिक दिवशी, २१ जानेवारीला, घ्यावा असंही कुणी म्हणालं. पण मामेभाऊ म्हणतो, "खारींचा विषय काढणार असाल तर मी येणार नाही. बाबांना फाटक्या कानाची खार ओळखता यायची, मी कितवीत आहे ते आईला विचारावं लागायचं." हा त्याचा नेहमीचा कडवटपणा. तिकडे मामी अजूनही रोज दाणे ठेवतात आणि थांबावं की नाही हे त्यांना कळत नाही. काय करू?
— एक भाची

उत्तर : तुमचं मूळ पत्र इथे छापलंय त्याच्या तिप्पट मोठं होतं. त्यात मगांवरच्या चित्रासाठी एक अख्खं पान होतं आणि मामेभावासाठी चार ओळी. मी सुरुवात त्या चार ओळींपासून करते.

तुम्ही ज्याला कडवटपणा म्हणता, तो मला हिशेब वाटतो. आणि तो खोटा आहे असं तुम्हीही कुठे लिहिलेलं नाही. भाचरांच्या वाट्याला मामा येतो तो सुट्टीतला. मुलाच्या वाट्याला येतो तो महिनाअखेरचा, कामावरून दमून आलेला, प्रगतिपुस्तकावर सही करताना कपाळाला आठ्या घालणारा. दोन्ही माणसं खरी, दोन्ही तुमचे मामाच. पण सहावीतल्या मुलाला वडील हवे होते, तेव्हा वडिलांच्या सकाळी खारींनी घेतल्या होत्या. आता त्याच खारी मगांवर छापून त्याच्या हातात द्यायच्या, आणि वर त्यानं हसून फोटो काढून घ्यायचा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

तेव्हा पत्रिका, मग, मुखवटे सगळं थांबवा आणि आधी त्याला एकट्याला भेटा. मामी बरोबर नकोत, धाकटी भावंडंही नकोत. 'तुझी परवानगी हवी आहे' अशी सुरुवात करू नका. परवानगी मागितली की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं, आणि तो नाही म्हणून बसलेलाच आहे. त्याला विचारा, तुला या दिवशी काय हवंय आणि काय अजिबात सहन होणार नाही. मग गप्प बसा. तो मामांबद्दल वाईट बोलेल. मध्येच "अरे, पण ते मनानं किती चांगले होते" असं म्हणू नका. मामांचा चांगुलपणा तुम्हाला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. त्याची तक्रार त्या चांगुलपणातला आपला वाटा कुठे गेला याची आहे.

एक मोह तुम्हाला नक्की होईल, म्हणून आधीच सांगते. वह्या चाळताना तुम्ही नकळत अशी एखादी ओळ शोधू लागाल, जिच्यात मामांनी मुलाबद्दल काही हळवं लिहिलंय. ती सापडली की कार्यक्रमात वाचून दाखवायची, त्याचे डोळे पाणावणार, सगळं मिटणार! कृपा करून हे करू नका. अशी ओळ नसेल तर तुम्ही नसलेला पुरावा शोधत बसाल. असेल तर ती पन्नास माणसांसमोर ऐकायला लावणं म्हणजे त्याला भर सभेत राग सोडायला भाग पाडणं. काही सापडलंच तर पान दुमडून वही त्याच्या हातात द्या, एकांतात. खरं तर त्या सगळ्याच वह्यांवर पहिला हक्क मामींचा आणि मग त्याचा. तुम्ही त्या चाळता आहात हे त्याला माहीत आहे का?

तो ठाम नाहीच म्हणाला तर? मग वर्षाचा कार्यक्रम खारींशिवाय करा. सरळ, कुरकुर न करता. खारींच्या आठवणींसाठी दुसरी एखादी सकाळ मामींच्या गॅलरीत ठेवता येईल, ज्यांना यायचं ते येतील. वडिलांच्या पहिल्या वर्षाला मुलगा घराबाहेर आणि खारींचे मुखवटे घरात, हे चित्र कुणालाच नको असणार. पण मला वाटतं, त्याचं म्हणणं कुणी नीट ऐकून घेतलं तर तो इतकं ताणणार नाही. खारींचा उल्लेख आला तरी चालेल, माझ्याकडून काही बोलून घेऊ नका, असं तो म्हणाला तर तेवढं पुष्कळ आहे. मग त्याला पहिल्या रांगेत बसवू नका. उशिरा यायची, मध्येच उठून जायची मुभा असू द्या, आणि ती त्याला आधी सांगून ठेवा.

आता कार्यक्रम. आनंदानं करावा की नाही हा संकोच मनातून काढून टाका. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञांनी जोडीदार गमावलेल्या माणसांशी सहा महिन्यांनंतर बोलून केलेला एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जे खळखळून, मनापासून हसले होते, त्यांना दुःखाचा जाच तुलनेनं कमी होत होता. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ साली मांडलं की शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये येरझाऱ्या घालतो : कधी गेलेल्या माणसात पूर्ण बुडालेला, कधी पुढच्या कामांत गुंतलेला. एका दुपारीही हे दोन्ही होऊ शकतं. म्हणून कुणी हसता हसता रडू लागलं तर कार्यक्रम बिघडला असं समजू नका. पंखा कुणाकडे, पाणी कुणाकडे अशी धावपळही नको.

पण हसू कशावर, हे बघावं लागेल. मुखवटा घातलेला माणूस लोकांना हसवतो, आणि ते हसू मामांच्या खात्यात जात नाही. आयुष्यभर 'खारींचे मामा' म्हणून त्यांची थोडीफार थट्टा झालीच असणार. गेल्यावर तीच थट्टा शेपूट लावून परत आणायची का? लहान मुलांना हौस असेल तर घरी करू द्या, समारंभात नको.

मगाचा नमुना बघितला. कानांवर केसांचे तुरे, अंग तांबूस, हातात ओकचं फळ. ही युरोप आणि उत्तर आशियातली तांबडी खार. खारींच्या कुळात पावणेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि मामांच्या कठड्यावर येणारी पाठीवर पट्ट्यांची होती, हे तुम्हीच लिहिलंय. येण्याची वेळ मिनिटासकट टिपणाऱ्या माणसाच्या स्मरणार्थ भलतीच खार! मामा असते तर तो मग उलटासुलटा करून बघितला असता आणि बाजूला ठेवला असता. हे मग छापणं रद्द करा.

त्यांच्या वह्या आहेत ना तुमच्याकडे. मामी आणि मामेभाऊ हो म्हणाले तर सात-आठ नोंदी निवडा आणि तारीख-वेळेसकट जशाच्या तशा वाचा. भाषा सुधारू नका. कंटाळवाणी नोंदही एखादी घ्या, 'आज कुणी आलं नाही' अशी. त्या 'नाराज?'मधल्या प्रश्नचिन्हात जे मामा दिसतात, ते दहा मिनिटांच्या भाषणात दिसणार नाहीत. पत्रात तुम्ही आणखी एक नोंद उतरवून पाठवली होती : 'खड्डा बुजवला, दाणा तोंडातच. मला फसवते काय?' घरचे यावर हसायचे म्हणता. पण उत्तर अमेरिकेतल्या करड्या खारींवर काम करणाऱ्या संशोधकांनी नेमकं हेच नोंदवलंय. कुणी टपून बसलंय अशी शंका आली की त्या उकरण्याचं, दाबण्याचं, माती सारखी करण्याचं सगळं नाटक करतात आणि दाणा घेऊन पसार होतात. मामांनी हे कुठे वाचलेलं नसावं, खुर्चीत बसून पाहिलेलं होतं. ही नोंद जरूर वाचा, आणि वाचल्यावर कुणीतरी दोन मिनिटांत ही माहिती सांगा. ज्यांना मामा नुसते वेळ घालवत होते असं वाटायचं, त्यांना ती ऐकवायलाच हवी.

मुलांसाठी याच धर्तीवर बरंच काही आहे. खारीचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून ती सतत काहीतरी कुरतडते. मागच्या पायाचे घोटे ती जवळजवळ उलटे फिरवू शकते, त्यामुळे झाडावरून डोकं खाली करून सरसर उतरते. मुखवट्यांऐवजी मुलांना एकेक कोरी वही द्या, दहा मिनिटं गॅलरीत किंवा अंगणात बसवा आणि मामांसारखी नोंद करायला सांगा. वेळ, काय दिसलं, आणि एक शंका. खार नाही आली तर कावळा लिहा, मुंगी लिहा. दहा मिनिटं गप्प बसणं किती अवघड असतं हे कळलं तरी मामा थोडे कळले.

मोठ्यांना मात्र आधीच निरोप धाडा : एक प्रसंग सांगायचा, तीन मिनिटांत, विशेषणं घरी ठेवून यायचं. 'शिस्तप्रिय', 'प्रेमळ', 'निसर्गप्रेमी' हे शब्द कुणाच्याही फोटोखाली खपतात. आणि कोणी ना कोणी 'खारीचा वाटा' म्हणून टाळ्या घेणारच आहे. एकालाच घेऊ द्या.

निम्मा वेळ खारींशिवायच्या मामांना द्या, हे माझं ठाम मत. तुमच्या लांबलचक पत्रात एका ओळीत येऊन गेलं की शेजारपाजारच्या लोकांचे अर्ज, फॉर्म मामा भरून द्यायचे, खाडाखोड न करता. ते लोक कुठे आहेत? त्यांना बोलवा. एखादीच आवड धरून बसलं की वर्षा-दोन वर्षांत माणसाचं बोधचिन्ह होतं, आणि मग नातवंडांना आजोबा म्हणजे खार एवढंच उरतं. शिवाय मामेभावालाही या भागात बसणं सोपं जाईल. फॉर्म भरणाऱ्या वडिलांवर त्याचा राग नसावा, किंवा असला तर निदान वेगळा असेल.

मामींकडे येते. सगळ्या पत्रात एक प्रश्न कुणीच विचारलेला दिसला नाही : मामींना खारी आवडतात का? की नवऱ्याचं राहिलेलं काम म्हणून त्या रोज दाणे ठेवतात? विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी दचकू नका. 'मला त्यांचा पसारा कधीच आवडला नाही' असंही येऊ शकतं.

थांबायचं असेल तर खारी उपाशी मरतील ही धास्ती त्यांच्या मनातून काढा. कठड्यावरचे दाणे हा त्यांच्या दिवसभराच्या खाण्यातला एक थांबा. फळं, बिया, कळ्या, साली, किडे असं त्या खातच असतात. एकदम बंद करायला जड जात असेल तर आधी दाणे कमी करा, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. यात खारींची सोय आहेच, त्याहून जास्त मामींची आहे.

चालू ठेवायचं असेल तर थोडी पथ्यं पाळा. मूठभर नको, चार-पाच दाणे पुरे. खारे, मसाला लावलेले नकोत, बुरशी धरलेले तर मुळीच नकोत. शेंगदाण्यात कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त असतो. पिंजऱ्यात नुसत्या दाण्यांवर वाढवलेल्या खारींची हाडं ठिसूळ होतात ती यामुळेच. त्यामुळे दाणा हा खाऊ म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. पाव, बिस्किटं, दूध वर्ज्य. उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि ते रोज बदला. उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा पाण्याचा उपयोग जास्त. उरलेलं संध्याकाळपूर्वी उचला, नाहीतर रात्री उंदीर येतील, मग कुणीतरी उंदरांचं औषध ठेवेल आणि ते खारीच्याही पोटात जाईल. हातावरून खाऊ घालायचा हट्ट कुणी करू नये. चावली तर तुम्हाला त्रास, आणि माणसाला न भिणारी खार पुढे कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. आणि हे रोजचं काम मामींच्या एकटीच्या गळ्यात मारू नका. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही घ्या.

जोडी विकत आणून सोडण्याचा काकांचा विचार मात्र चांगल्या मनानं केलेला असला तरी वाईटच आहे. बाजारात मिळणारी खार बहुधा रानातून किंवा कुणाच्या तरी झाडावरून पकडलेली असते. तुम्ही विकत घेतली की पकडणारा आणखी दोन पकडतो. पुष्कळ देशांत रानटी खार पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हाही आहे. अनोळखी जागी सोडलेल्या खारीला घरटं, खाणं, लपायची जागा यांतलं काहीच ठाऊक नसतं. आणि जात परकी असली तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. १८७६ साली तिथे हौसेखातर अमेरिकेतल्या करड्या खारी आणून सोडल्या. त्या फोफावल्या, त्यांच्याकडून एक विषाणूही पसरला, आणि तिथली मूळची तांबडी खार बहुतेक भागांतून नाहीशी झाली. काकांना दुखवू नका, त्यांना झाडाचं काम द्या. तुमच्या भागातलंच, फळं-बिया धरणारं झाड, आणि पहिली तीन वर्षं त्याला पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवून. नाव ठरत नसेल तर झाड लावू नका, फोटोपुरतं लावलेलं रोप मामांना चाललं नसतं.

मगाऐवजी लोकांच्या हातात काही द्यायचंच असेल तर एक साधं कार्ड छापा. एका बाजूला मामांच्या अक्षरातली एखादी नोंद. दुसऱ्या बाजूला खारीचं पिल्लू खाली पडलेलं सापडलं तर काय करायचं, ते. पिल्लं जन्मतः आंधळी आणि बिनकेसांची असतात, त्यामुळे घाबरून लोक भलतंसलतं करतात. मजकूर असा चालेल : 'पिल्लाला जखम नसेल तर मऊ कापड घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवा. ऊब द्या, कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवता येते. खोकं त्याच झाडाजवळ, मांजर-कुत्र्याच्या आवाक्याबाहेर ठेवा आणि लांबून लक्ष ठेवा. आई बरेचदा येते आणि तोंडात धरून घेऊन जाते. दूध, पाणी, काहीही पाजू नका. अंधार पडेपर्यंत आई आली नाही, किंवा रक्त दिसलं, मांजरानं धरलेलं असलं, तर वन्यप्राणी बचाव केंद्राला लगेच कळवा.' खाली तुमच्या भागातल्या केंद्राचा क्रमांक, छापण्यापूर्वी स्वतः फोन लावून खात्री केलेला. त्या केंद्राला मामांच्या नावानं थोडी देणगी दिलीत तर उत्तमच.

राहिली तारीख. २१ जानेवारी हा दिवस अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या क्रिस्टी हारग्रोव्ह यांनी २००१ साली खारींसाठी सुरू केला. कल्पना गोड आहे, पण मामांचा त्या तारखेशी काही संबंध नाही. गॅलरीतली ती वेगळी सकाळ ठरलीच तर तिच्यासाठी ठेवा. वर्षाच्या कार्यक्रमाची तारीख मामी सांगतील ती, आणि वेळ शक्यतो सकाळची ठेवा. सातला नको, सातला कुणीही येणार नाही. दहा वाजता सुरू करा आणि बारापर्यंत माणसं घरी जाऊ द्या, मामींना दुपारी पडायला मिळालं पाहिजे.